कोपरा की मधोमध

सोलापूरहून पहाटे सुटलेल्या गाडीने मला दुपारी दोनच्या सुमारास द्वारकेला उतरवलं. ही द्वारका कृष्णाची नव्हे, नाशिकची. मुंबईचा, पुण्याचा आणि धुळ्याचा असे तिन्ही रस्ते जिथे एकमेकांच्या अंगावर येतात तो चौक. वर उड्डाणपूल, खाली ट्रक, टेम्पो, रिक्षा आणि त्यातून जीव मुठीत धरून वाट काढणारी माणसं. कंडक्टरने माझी बॅग खाली ठेवली नाही, टाकली. मी त्याला तिथल्या तिथे झापलं. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, नोकरी संपली, पण आवाज काही निवृत्त झाला नाही.

सुमन माझी डी.एड.ची मैत्रीण. लग्न होऊन नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यात गेली आणि तिथलीच झाली. दरवर्षी म्हणायची, दसऱ्याच्या आधी ये, झेंडू बघायला. यंदा मात्र फोनवर तिने वेगळाच हट्ट धरला. "शनिवारीच ये. रविवारी मॅच आहे." मी मनात म्हटलं, क्रिकेट बघायला मी चारशे किलोमीटर कशाला येऊ? पण गेले.

मला न्यायला तिने रिक्षा पाठवली होती. चालक पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, एका कानाची पाळी चुरगळलेली. "सुमनताईंच्या मैत्रीण ना? मी सलीम. बसा, बाई." रिक्षा चौकातून सुटली न सुटली तोच त्याने मान मागे वळवली. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा. सात जणी आहेत. चौदा मिनिटं आहेत. अशात हातात पपई आली, तर कोपऱ्यात टेकवायची, का मधोमध न्यायची?"

हळदीकुंकवातला कसला तरी खेळ असेल असं मला वाटलं. मी म्हटलं, "सात जणी आहेत तर कापून वाटून टाका की."

त्याने करकचून ब्रेक मारला. मागचा टेम्पो बोंबलला. "बाई! रग्बी! आपली कावेरी! उद्या सेमी फायनल आहे कझाकस्तानशी!"

अगं बाई. सुमनच्या दिराची मुलगी कावेरी काहीतरी खेळते एवढं मला माहीत होतं, पण भारताकडून खेळते आणि तेही रग्बी, हे त्या रिक्षात कळलं. कझाकस्तान कुठे आहे ते मी सांगू शकले असते, रग्बी कशाशी खातात ते नाही. सलीमभाईंनी गोदावरीचा पूल येईपर्यंत (इथे तिला सगळे गंगाच म्हणतात) मला अख्खा खेळ शिकवला. स्वतः कबड्डीतले नावाजलेले चढाईपटू, त्यामुळे समजावताना हॅन्डल सोडून दोन्ही हात वापरायचे. अंडाकृती चेंडू, म्हणजेच ह्या लोकांची पपई. ती घेऊन पुढे पळायचं, पण हाताने पुढे फेकायची नाही, मागच्यालाच द्यायची. पलीकडच्या रेषेपार जाऊन जमिनीला टेकवली की पाच गुण. मग टेकवलेल्या जागेच्या समोरून लाथ मारून दोन उंच खांबांमधून घालवली की आणखी दोन. "आता बघा. मधोमध टेकवली तर लाथ सरळ. कोपऱ्यात टेकवली तर लाथ तिरपी, लई अवघड. पण मधोमध जायला जास्त पळावं लागतं, आणि तेवढ्यात मागून कोणी धरलं तर सगळंच गेलं. ह्याच्यावर आमच्यात दोन पार्ट्या आहेत. मी मधोमधवाला. भास्कर कोपरावाला. बोलणं बंद होतं आमचं चार दिवस."

मखमलाबाद मागे पडलं आणि शहर एकदम संपलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मळे लागले. कोथिंबिरीचे वाफे, दोडक्याचे मांडव, आणि मधूनच झेंडूचा असा एखादा तुकडा की डोळे दिपावेत. सुमन बांधावरच उभी होती. आम्ही दोघी गळ्यात पडलो, रडलो, आणि लगेच एकमेकींचं वजन काढलं.

घरात तिघंच. सुमन, तिचे धाकटे दीर नामदेव, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, आणि त्यांची बायको मंगल. कावेरी ही आप्पा-मंगलची एकुलती एक. सुमनचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, पण घर तिच्याच शब्दावर चालतं. मंगलने पुढ्यात गिलक्याची (आमच्याकडचं घोसाळं) गरम भजी ठेवली. आत मऊ, बाहेर कुरकुरीत, वरून तिखट शेंगदाण्याची चटणी. मी बारा खाल्ली. मोजली कशाला, तर सुमनने मोजली म्हणून.

चार वाजता सभा भरली. फुलं भरायच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री अंथरलेली, भोवती दहा-बारा माणसं. त्यांचा म्होरक्या भास्कर. सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर, चाळिशीचा, बोटांच्या रेषांत कायमचं काळं ऑइल. कावेरी शाळेत असताना ह्यानेच तिला कबड्डी शिकवली, आणि नाशकात रग्बीचं शिबिर निघालं तेव्हा आपल्या मोटरसायकलवर बसवून ह्यानेच तिला तिथे नेलं. रविवारची शिफ्ट त्याने कुणाशी तरी बदलून घेतली होती.

त्याने ताडपत्रीवर सात केशरी झेंडू मांडले. "हे आपण." समोर सात पिवळे. "हे कझाक." मधोमध एक छोटं वांगं. ते चेंडू. मग जी काही चर्चा सुरू झाली, ती ऐकत मी तोंडाचा आ करून बसले. सामना चौदा मिनिटांचा आणि ह्यांची चर्चा दोन तास झाली तरी सुरुवातीच्या लाथेवरच. लाथ लांब मारायची की आखूड? लांब मारली तर त्यांना पळायला जागा मिळते. आखूड मारली तर आपल्या पोरी झेप घेऊन मिळवू शकतात. "त्यांच्या पोरी उंच आहेत, भास्कर! आखूड मारलीस तर डोक्यावरून नेतील," सलीमभाई म्हणाले. "उंच आहेत म्हणूनच वाकायला वेळ लागतो," भास्कर म्हणाला. "वांगं ठेव बघू इथं." एक भाजीवाल्या मावशी होत्या, त्या म्हणाल्या, "अरे पन तो तिसरा पिवळा मागं ऱ्हातो. त्याच्या अंगावर न्या ना." त्यांनी आधीचे सगळे सामने पाटीजवळ बसून मोबाइलवर बघितले होते, दुसऱ्या दिवशी का होईना. थेट प्रक्षेपण फक्त उपांत्य फेरीपासून होतं.

काय सांगू, मला ह्या माणसांचा हेवा वाटला. ह्यांच्यातल्या एकानेही रग्बीचा चेंडू हातात धरला नव्हता, पण कझाकस्तानची कोणती मुलगी डावीकडे वळताना अडखळते ते त्यांना पाठ होतं. मधेच मागून वासरू आलं आणि त्याने कझाकस्तानची सगळ्यात मागची खेळाडू खाऊन टाकली. शेडमध्ये टाळ्या पडल्या.

गाडी कोपरा-मधोमधवर आली तशी माणसं गुडघ्यांवर उठली. भास्करने तोंड शेडच्या दाराकडे केलं. "आप्पा, तुम्ही काय म्हणता?"

आप्पा बाहेर पायरीवर बसून सुतळीच्या गाठी सोडवत होते. सहा फुटी, काळसर, शांत माणूस. त्यांनी वर न बघता सांगितलं, "मला इचारू नका." आणि उठून विहिरीकडे चालते झाले. भास्करने उगाच एक झेंडू सरळ केला.

"हे काय प्रकरण आहे?" मी सुमनला विचारलं. ती मला झेंडूच्या वावरातून फिरवायला घेऊन गेली तेव्हा तिने सांगितलं.

ह्या घरची एक रीत आहे. शेतातून आणलेलं ओझं, मग ती फुलांची पाटी असो की गवताचा भारा, उंबऱ्याशी टेकवायचं नाही. कितीही दमलेले असा, आत घरात मधोमध आणायचं, मगच डोक्यावरून उतरवायचं. कावेरी पाच वर्षांची असल्यापासून हे करत आली. तीन आठवड्यांपूर्वी ह्याच कझाकस्तानशी सराव सामना होता. त्या दिवशी सकाळी आप्पांनी लेकीला फोन केला. कधी नव्हे ते खेळाबद्दल बोलले. म्हणाले, "उंबऱ्याशी टेकवू नको बाळा, आत मधी घेऊन ये." सामन्यात शेवटच्या मिनिटाला कावेरी एकटी सुटली. रेषेपार गेली. कोपऱ्यात टेकवली असती तरी सामना जिंकत होतो. पण ती टेकवायची थांबली, वळली आणि मधोमध पळत सुटली. मागून दोघींनी तिला धरलं, पपई हातातून सुटली, आणि आपण हरलो.

"तेव्हापासून ते तिच्याशी बोललेले नाहीत," सुमन म्हणाली. "फोन आला की मंगलकडे देतात आणि बाहेर जातात. आपल्यामुळे पोरगी हरली, हे डोक्यात बसलंय. उद्या सामन्याच्या आधी संघाच्या कोच मॅडम प्रत्येकीला घरी पाच मिनिटं बोलू देणार आहेत. उद्या तरी हे बोलतील का, माझा जीव टांगणीला लागलाय."

आम्ही परत आलो तर भास्कर उद्याचं वेळापत्रक सांगत होता. मलेशियात सामना तिथल्या दोन वाजता, कावेरीचा फोन तिथल्या साडेअकराला. "दोन देशांत अडीच तासांचा फरक. म्हणजे आपल्याकडे फोन दुपारी दोनला, मॅच साडेचारला."

"काय?" मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यातली बाई जागी झाली. मी कोपऱ्यातलं एक डांगर (लाल भोपळा) उचललं, त्यावर बोट ठेवलं. "हे नाशिक. हे मलेशिया. मलेशिया पूर्वेला. सूर्य आधी कुणाला दिसतो?" दहा-बारा मोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी गप्प. "मलेशियाला," मावशी म्हणाल्या. "शाबास. म्हणजे तिथलं घड्याळ पुढे. तिथे साडेअकरा, तेव्हा इथे नऊ. मॅच साडेअकराला! साडेचारला टीव्ही लावला असतात ना, तर सगळं आटोपलेलं असतं!"

भास्करने कपाळावर हात मारून घेतला. झेंडू-वांग्यांत दोन तास घालवले आणि वेळच चुकवली. सलीमभाई इतके खूश झाले की त्यांनी डांगर माझ्या हातातून घेऊन त्याचा मुका घेतला.

खूश नव्हते ते फक्त आप्पा. ते दारात येऊन उभे होते. "नऊला मी मार्केटात असतो," ते म्हणाले. "माल न्यायचाय. तुम्ही बोला."

मला राहवलं नाही. पाहुणी म्हणून आले होते, परकी बाई, पण रागाला काय कळतं? मी त्यांच्यामागे विहिरीपर्यंत गेले. "भाऊ, शाळेत असतात तर बाकावर उभं केलं असतं तुम्हाला. लेक परदेशात एवढा मोठा सामना खेळतेय आणि तुम्ही फुलं पोचवायला जाणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे लाल होते. "बाई, पोरगी माझं ऐकून हरली. आता परत मी काय बोललो, अन् तिनं परत ऐकलं तर?"

मी एवढंच म्हटलं, "तुम्ही गप्प बसता, तेही ती ऐकतेच ना, भाऊ."

मी घरात आले. मंगलने बाजरीची भाकरी आणि काळ्या मसाल्याचं वांगं वाढलं, पण मी अर्धीच भाकरी खाल्ली. उगाच तोंड घातलं असं वाटत राहिलं.

रविवारी सकाळी उठून बघते तर फुलांचा टेम्पो शेजारच्या मळ्यातला माणूस घेऊन चालला होता. आप्पा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून शेडमध्ये खुर्चीवर बसलेले. हात मांडीवर, जणू फोटो काढायचाय.

पाच मिनिटांची आखणी भास्करने कागदावर केली होती. आईला दीड मिनिट, त्याला स्वतःला दोन, सलीमभाईंना अर्धं, उरलेलं आप्पांना. बरोबर नऊला फोन वाजला. मंगलने सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"कावे, जेवलीस का गं? भात मिळतो का तिकडं?"

"मॅचच्या आधी जेवत नाय, आई. केळी खाल्ली." आवाज स्पष्ट, किंचित घोगरा. मंगलने पदर तोंडाला लावला. भास्करने फोन ओढला आणि आखूड लाथ, तिसरी पिवळी, डावीकडे अडखळणारी असं सगळं एका दमात ओतलं. "कोण पिवळी, दादा? त्यांचा ड्रेस निळा हे," कावेरी म्हणाली. सलीमभाई म्हणाले, "बेटा, दुवा आहे," आणि मधोमध हा शब्द गिळून त्यांनी फोन आप्पांच्या हातात ठेवला. माणूस समंजस.

आप्पांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "कावे."

"आप्पा?"

आप्पांनी फोन आणखी जवळ घेतला.

"आप्पा, तुम्ही हाय ना?"

"हाय." मग एकदम, धरण फुटावं तसे ते बोलले. "माझं चुकलं, बाळा. त्या दिवशी मी तुला उंबऱ्याशी टेकवू नको म्हनलो. मैदानाला काय उंबरा असतो का? मला काय कळतं त्यातलं? तू माझं ऐकलं, अन् तुझी मॅच गेली. माझ्यापायी गेली."

मग ती म्हणाली, "कधी म्हनले तुम्ही?"

"सकाळी. फोनवर."

"आप्पा, त्या दिवशी मला कायबी ऐकू आलं नव्हतं! रेंजच नव्हती. नुसतं 'उंबरा, उंबरा' येत होतं मधून. मला वाटलं, घराचा उंबरा बदलायला काढला का काय."

भास्करने सलीमभाईंकडे बघितलं, सलीमभाईंनी पत्र्याकडे.

"मग तू मधी कशाला पळाली?" आप्पांनी विचारलं.

"मला वाटलं जमंल. नाय जमलं. माझं चुकलं ते. तुमचं काय त्यात?" आवाजात चक्क चीड होती. मग तो आवाज बदलला. "आप्पा, ह्याच्यापायी तुम्ही तीन आठवडे बोलला नाय? मला वाटलं, मी हरले म्हनून तुम्ही माझ्यावर रागावलेत."

"तुझ्यावर?" आप्पा म्हणाले. "येडी का काय तू?" आणि तो सहा फुटी माणूस आम्हा सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागला. मंगलने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, मी ते पुसलंही नाही.

"आप्पा, रडू नका. मॅडम हात करत्यात, वेळ संपली. लवकर सांगा, आज काय करू? कोपरा का मधोमध?"

सगळं शेड पुढे झुकलं. आप्पांनी नाक पुसलं. "मला काय ठावं, बाळा? तिथं तू असशील, मी नाय. तुला दिसंल तसं कर."

फोन बंद झाला. भास्कर हळूच म्हणाला, "म्हणजे ठरलं काहीच नाही." त्यावर आम्ही जे हसलो, ते डब्यातली मिसळ येईपर्यंत हसत होतो. नाशिककरांचा रविवार मिसळीशिवाय सुरू होत नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, वर पापड, बाजूला दही. पहिल्या घोटाला ठसका, दुसऱ्याला घाम, तिसऱ्याला आणखी मागायची इच्छा. सोलापूरकर असूनही मी हात टेकले.

साडेअकराला शेडमधला टीव्ही लागला. चाळीसेक माणसं जमली होती. कावेरी दिसली तेव्हा मी पहिल्यांदाच तिला नीट पाहिलं. बुटकी, भरलेल्या खांद्यांची, घट्ट वेणी. बापाची काहीच उंची घेतली नव्हती पोरीने.

पुढची चौदा मिनिटं मी धड श्वास घेतला नाही. कझाक मुलींनी दुसऱ्याच मिनिटाला मधोमध टेकवली आणि लाथही घातली. सात-शून्य. मध्यंतरानंतर आपली एक मुलगी रेटारेटीतून सुटली आणि तिने उजव्या कोपऱ्यात अंग झोकून पपई टेकवली. पाच-सात. लाथ मारायला कावेरी आली, चेंडू खांबाला बाहेरून चाटून गेला. "बघा, कोपरा!" सलीमभाई किंचाळले. "टेकवली हे महत्त्वाचं!" भास्कर ओरडला. आप्पा डोळे मिटून बसले होते.

शेवटचं मिनिट. चेंडू आपल्याकडे. हातून हातात, मागे, मागे, आणि एकदम डाव्या कडेला कावेरी सुटली. समोर मोकळं मैदान. मंगल उठून उभी राहिली. अर्धं शेड "कोपरा! कोपरा!" अर्धं "मधी! मधी घे!" मी कुठल्या पार्टीची ते मला आठवत नाही, पण ओरडत होते एवढं नक्की. रेषा दहा पावलांवर आली आणि उजवीकडून दोन निळ्या मुली तिच्यावर धावून आल्या. कोपराही बंद, मधली वाटही बंद. आप्पांनी नेमके तेव्हाच डोळे उघडले.

कावेरीने चेंडू मागे दिला. न बघता, आतल्या अंगाला. तिथून एक काळीसावळी, काडीसारखी मुलगी वाऱ्यासारखी येत होती. दोन्ही निळ्या कावेरीसकट जमिनीवर कोसळल्या आणि ती मुलगी एकटी, अगदी मोकळी, दोन खांबांच्या मधोमध जाऊन पपई टेकवून उभी राहिली.

दोन दिवस एवढी डोकी एकत्र बसली होती. चौदा झेंडू, एक वांगं, चार दिवसांचा अबोला. पण कावेरीबरोबर आणखी सहा जणी आहेत हे एकालाही सुचलं नव्हतं. मग जो कल्ला झाला, त्याने वासरू दावं तोडून पळालं. कावेरीने लाथ सरळ घातली. बारा-सात. शिट्टी वाजली. भास्कर आणि सलीमभाई एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते.

संध्याकाळी पाचला तिचा फोन आला. ह्या वेळी मंगलच्या आधी आप्पांनी उचलला. शाबासकी वगैरे झाली, आणि मग त्यांनी विचारलं, "ती पोरगी कोन? जिला दिली?"

"ममता. ओडिशाची, आप्पा. लय भारी पळती. तिच्या वडलांनी मॅच बघितलीच नाय. त्यांच्या गावात नीट नेट येत नाय, साधा फोन हे त्यांच्याकडं."

"मग त्यांना कोन सांगनार, पोरीनं काय केलं ते?"

कावेरीने नंबर दिला. आप्पांनी तो फुलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला आणि तिथेच, सगळ्यांसमोर लावला. सलीमभाई म्हणाले, "माझ्याकडे द्या, माझी हिंदी बरी आहे." आप्पांनी मान हलवली. हे काम दुसऱ्याचं नव्हतं.

"दादा? ममता के पिताजी? मै कावेरी का बाप. नासिकसे. आपने देखा नाय ना, म्हनून मै बताता." ते उभे राहिले. "आपकी ममता लय पळी. दौडी! मेरी पोरगी को दो जनीने घेरा. तो ममता पीछेसे आयी. अशी आयी..." आणि त्यांनी मोकळ्या हाताने ती कशी आली ते दाखवलं, पलीकडच्याला दिसणार असल्यासारखं. पलीकडून आधी नुसतं "हँ, हँ" येत होतं. मग एक म्हातारा आवाज थरथरत म्हणाला, "मो झिअ? मो झिअ?" आम्हा कुणालाच ओडिया येत नव्हती, पण तो आपल्या लेकीचंच विचारतोय हे कळलं. आप्पा म्हणाले, "हां, हां! तीच! तीच तुमची!"

दहा मिनिटं ते बोलत होते. एक मराठीत, एक ओडियात, मधे कुठेतरी हिंदी. सामन्याचं बोलून झालं, मग पावसाचं विचारलं, मग भाताचं. फोन ठेवल्यावर आप्पांनी भास्करला विचारलं, "लाथ किती लांबून मारली होती रे? त्यांना ते नीट सांगायचं राहिलं."

सोमवारी मी परत निघाले. अंतिम सामना त्याच दिवशी होता. तो आपण हरलो, चांगले सपाटून हरलो, हे मला गाडीत संगमनेरच्या पुढे भास्करच्या निरोपातून कळलं. खाली त्याने लिहिलं होतं, "बाई, चर्चा चालू आहे." सुमनने बांधून दिलेल्या झेंडूच्या पिशवीने शेजारच्या बाईंना शिंका येत होत्या, म्हणून ती मी पायाशी घेतली.

परवा सुमनचा फोन आला होता. आप्पा आता कावेरीशी आठवड्यातून दोनदा बोलतात म्हणाली, आणि ममताच्या वडिलांशी रोज. काय बोलतात ते घरात कुणालाच कळत नाही, पण हसण्याचा आवाज विहिरीपर्यंत येतो.

फोन ठेवला आणि मला माझे शाळेतले तास आठवले. चौतीस वर्षं मी मुलांकडून ओडिशाची राजधानी, नद्या, पिकं, खनिजं पाठ करून घेतली. चुकलं की हातावर छडी मारली. पण तिथल्या एकाही माणसाला, तुमची मुलगी किती सुंदर पळाली हो, असं सांगायला मी कधी फोन लावला नव्हता.